आरसीसीबी सारखा पडतोय? नुसते एमसीबी खाली करून फॉल्ट सापडत नाही, न्यूट्रल सोडवावी लागते

आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे अर्थला गळला की लाइन तोडणारा स्विच, पडतोय म्हणून बोलावणं येतं तेव्हा बहुतेक घरांत दोन-तीन गोष्टी आधीच करून झालेल्या असतात. आरसीसीबी बदललेला असतो, कधीकधी दोनदा. एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा वेगळा स्विच) खाली-वर करून बघितलेला असतो. आणि काही घरांत तर कंटाळून कोणीतरी आरसीसीबीच्या वरून खाली सरळ वायर टाकून तो बायपास केलेला असतो आणि घरात लहान मुलं असतात, बाथरूममध्ये गिझर चालू असतो. हे बघून खरंच पोटात गोळा येतो. म्हणून हा सगळा क्रम लिहून काढतोय, कारण चूक बहुतेक वेळा क्रमातच होते.

एवढं एकच आधी डोक्यात पक्कं बसवा. आरसीसीबी (जुने लोक अजून ईएलसीबी म्हणतात) फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो, बाकी काही नाही. ओव्हरलोड त्याला कळत नाही, फेज-न्यूट्रल शॉर्ट कळत नाही, ते काम एमसीबीचं. घरातला नेहमीचा आरसीसीबी ३० मिलिअँपचा असतो. स्टँडर्डप्रमाणे तो १५ मिलिअँपच्या खाली पडायला नको आणि ३० ला पडायलाच हवा, मधे कुठेही पडू शकतो. म्हणजे तुमच्या घरात कायमचं १४-१५ मिलिअँप लीकेज असेल तर एखादं छोटं निमित्तसुद्धा पुरतं, आणि त्यात आरसीसीबीचा काही दोष नाही.

## सुरू करण्याआधी

टप्पा १ ते २ घरातल्या कोणालाही करता येतात, त्यात डीबीचं (आरसीसीबी आणि एमसीबी बसवलेल्या बॉक्सचं) कव्हर उघडायचं नाहीये. टप्पा ३ पासून पुढचं लायसन्स असलेल्या वायरमनचं काम आहे. तुम्ही वायरमन नसाल तरी वाचून ठेवा, निदान समोरचा बरोबर क्रमाने चाललाय का ते कळेल.

लागणारं सामान: मल्टीमीटर, चिकटपट्टी आणि मार्कर पेन, चांगला स्क्रू ड्रायव्हर, मेगर (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारा मीटर), आणि जमलं तर मिलिअँप दाखवणारा लीकेज क्लॅम्प मीटर. साधा क्लॅम्प मीटर इथे चालत नाही, तो १०-२० मिलिअँप नीट दाखवतच नाही. आणि नुसता टेस्टर घेऊन तर हा फॉल्ट शोधायला जाऊच नका, टेस्टर पेटला म्हणजे लीकेज आहे आणि नाही पेटला म्हणजे नाही, असं काही नसतं.

सावधान: आरसीसीबी खाली केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलला करंट असतोच. मीटरजवळचा मेन स्विच बंद करा. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावर तो लगेच चालू होऊन लाइट-पंख्याच्या वायरमध्ये २३० व्होल्ट सोडतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग त्याचा प्लग बाहेर, मग मेन बंद. त्यानंतर मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा आणि शून्य आलं तरच हात घाला.

## टप्पा १: कधी पडतो ते लिहून काढा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. चार दिवस एक कागद डीबीवर चिकटवा आणि प्रत्येक वेळी वेळ, काय चालू होतं, पाऊस होता का, लाइट जाऊन आली होती का, एवढं लिहा. निम्मं काम इथेच होतं.

- गिझर लावल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडतो: कॉइल. कॉइलच्या बाहेरच्या नळीला बारीक तडा गेलेला असतो, गरम झाल्यावर तो उघडतो आणि पाणी आत शिरतं. बोअरचं जड पाणी असलेल्या भागात हे फार.
- कुठलंही जड लोड लावलं की पडतो, गिझर असो, इस्त्री असो, इंडक्शन असो: कॉइलच्या मागे लागू नका, न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेली आहे. टप्पा ४ बघा.
- रात्री-अपरात्री, काहीच चालू नसताना, ८-१० तासांनी एकदा: फ्रॉस्ट फ्री फ्रिजचा डीफ्रॉस्ट हीटर तपासा. तो दिवसातून दोन-तीनदाच चालू होतो म्हणून सापडत नाही.
- फक्त पावसात, किंवा पाऊस थांबल्यावर दुपारपर्यंत: गेटचा लाइट, बाहेरची बेल, गच्चीवरची टाकीची मोटर, फ्लोटची वायर, ओल आलेली भिंत.
- लाइट आली की लगेच पडतो: बरीच इलेक्ट्रॉनिक उपकरणं एकदम चालू होतात, त्यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडा थोडा करंट अर्थला जातोच, आणि पहिल्या क्षणी तो जास्त असतो.
- विजा कडकडताना एखादवेळ पडला आणि लगेच वर राहिला: याच्या मागे लागू नका.

तपासणी: कागदावर किमान तीन-चार नोंदी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच नोंदीवरून अंदाज केला तर तो हमखास चुकतो.

## टप्पा २: प्लग बाहेर काढा, नुसतं बटण बंद करू नका

बटण फक्त फेज तोडतं. उपकरणाची न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटला जोडलेलीच राहतात. त्यामुळे मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, राउटर, आरओ, सगळ्यांचे प्लग हातात धरून बाहेर काढा. गिझर आणि एसी बऱ्याच घरांत डायरेक्ट जोडलेले असतात, ते विसरले जातात, त्यांची नोंद करून ठेवा, ते वायरमन सोडवेल.

आता आरसीसीबी वर करा आणि निदान अर्धा दिवस बघा. राहिला तर फॉल्ट उपकरणात असण्याची शक्यता जास्त. मग एकेक प्लग लावायचा, उपकरण पूर्ण चालवायचं, आणि मगच पुढचा. वॉशिंग मशीन नुसतं चालू करून उपयोग नाही, त्याचा हीटर आणि पाणी उपसण्याचा भाग दोन्ही येऊ द्या. गिझर पूर्ण गरम होऊन कट होईपर्यंत ठेवा.

इथली नेहमीची चूक म्हणजे ज्या उपकरणाला आरसीसीबी पडला त्यालाच दोषी धरायचं. फ्रिज ३, कॉम्प्युटर १, वॉशिंग मशीन ३, ओल धरलेली वायर ७, असं मिळून १४ मिलिअँप झालेलं असतं आणि वर तुम्ही मायक्रोवेव्ह लावता, तो बिचारा चांगला असतो पण नाव त्याचं जातं. म्हणून संशयित उपकरण एकटं लावून बघा, बाकी सगळे प्लग बाहेर ठेवून. एकट्यानेही पाडलं तर ते खराब. एकटं असताना चाललं तर बेरीज जास्त होतेय, टप्पा ६ कडे चला.

आणखी एक. नवीन अर्थिंग करून घेतल्यावर आरसीसीबी पडायला लागला तर "अर्थिंगमुळे बिघडलं" असं म्हणून अर्थची वायर काढून टाकणारे लोक मी बघितलेत. असं अजिबात करू नका. लीकेज आधीपासूनच होतं, त्याला वाट नव्हती एवढंच, आणि ती वाट उद्या कोणाच्या तरी ओल्या हातातून झाली असती. नळाला हात लावल्यावर मुंग्या येत होत्या का ते घरच्यांना विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात.

## टप्पा ३: आरसीसीबी एकटा तपासा

मेन आणि इन्व्हर्टर बंद. आरसीसीबीच्या जाणाऱ्या बाजूच्या दोन्ही वायर, फेज आणि न्यूट्रल, सोडवा आणि टोकं सुरक्षित झाका. मेन चालू करून आरसीसीबी वर करा.

राहिला आणि टेस्ट बटण दाबल्यावर पडला, तर तो चांगला आहे, बदलायची गरज नाही. जाणाऱ्या बाजूला काहीच नसताना पडत असेल तर तो खराब. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि तरी लोक हे न करता दोन-अडीच हजाराचा नवा आणतात.

वायर सोडवलेल्याच आहेत तर टर्मिनल बघून घ्या. काळं पडलंय का, वायरचं इन्सुलेशन स्क्रूखाली चिमटलंय का, न्यूट्रल ढिली होती का. परत लावताना नीट आवळा.

सावधान: टेस्ट बटणाने फक्त आरसीसीबीची आतली यंत्रणा तपासली जाते. घराचं अर्थिंग चांगलं आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

## टप्पा ४: सगळ्या न्यूट्रल सोडवा

घरातले एमसीबी बहुतेक सिंगल पोल असतात, म्हणजे ते फक्त फेज तोडतात. एमसीबी खाली केला तरी त्या सर्किटची न्यूट्रल लिंकला (सगळ्या न्यूट्रल एकत्र जोडायच्या पट्टीला) जोडलेलीच असते. न्यूट्रल कुठे अर्थला टेकलेली असेल तर एमसीबी खाली असो की वर, फॉल्ट तसाच. म्हणून "सगळे एमसीबी खाली केले तरी पडतो, म्हणजे आरसीसीबीच खराब" हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

मग तो जड लोडवरच का पडतो? २००० वॉटच्या गिझरला साधारण ८.७ अँपियर लागतात. तेवढा करंट न्यूट्रलमधून परत येताना त्याला अर्थची दुसरी वाट मिळाली तर थोडा तिकडून जातो. त्यातले जेमतेम ३० मिलिअँप तिकडे गेले, म्हणजे हजारातले तीन-चार भाग, की संपलं. आणि न्यूट्रलवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लोडमुळेही एक-दोन व्होल्ट असतात, म्हणून तुमच्या घरात सगळं बंद असतानाही कधीकधी पडतो.

रत्नागिरीजवळच्या एका घरात मी गेलो तेव्हा गिझर लावला की आरसीसीबी पडायचा. त्यांनी आधी कॉइल बदलली, मग गिझरच नवा घेतला, मग आरसीसीबी. मी गिझरला हात न लावता हॉलमध्ये इस्त्री लावली, तरी पडला. मग पाचही न्यूट्रल सोडवून अर्थशी मोजल्या, चार ठीक आणि हॉलची ४ ओहम. हॉलमध्ये टीव्हीच्या वर भिंतीत एक खिळा होता, गणपतीत मखराचा पडदा बांधायला ठोकलेला, बरोबर कन्सील पाइपच्या रेषेत. पकडीने ओढून काढला तर टोकाला अर्थच्या हिरव्या वायरच्या इन्सुलेशनचा बारीक पापुद्रा चिकटलेला, आणि आतल्या न्यूट्रलच्या काळ्या वायरला सुईने टोचावं तसं भोक. फेजची लाल वायर त्या पाइपात शेजारीच होती, तिला लागलं नव्हतं. खिळा काढल्यावर मोजलं तर फॉल्ट गायब, पण त्यावर विसंबून चालत नाही, वायर बदललीच.

आता क्रमाने:

१. मेन, इन्व्हर्टर बंद. सगळे एमसीबी खाली. सगळे प्लग बाहेर, गिझर-एसीचे कनेक्शन सोडवलेले.

२. प्रत्येक न्यूट्रलला चिकटपट्टीने नंबर द्या, एमसीबीच्या नंबराशी जुळणारा. कुठली कुठल्या सर्किटची हे आधी शोधा, कारण सोडवल्यावर सगळ्या काळ्या वायर सारख्याच दिसतात.

३. सगळ्या न्यूट्रल लिंकमधून बाहेर काढा. एकही ठेवू नका.

४. मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थ बार यांच्यात मोजा. रीडिंग यायला नको. काही ओहम किंवा काही किलोओहम आलं तर ते सर्किट धरा.

५. आता प्रत्येक न्यूट्रल दुसऱ्या न्यूट्रलशी मोजा. तिथेही काही यायला नको. दोघींत कंटिन्युटी आली तर कुठल्यातरी बोर्डात दोन सर्किटच्या न्यूट्रल एकत्र पिळलेल्या आहेत. एकाच आरसीसीबीच्या घरात त्याने ट्रिप होत नाही, पण मजल्यांना वेगळे आरसीसीबी असतील तर जिन्याच्या टू-वे स्विचपाशी हाच घोळ सापडतो.

६. खराब सर्किट बाजूला ठेवून बाकीच्या न्यूट्रल लावा आणि घर चालू करा. एक दिवस राहिलं तर शोध बरोबर.

सावधान: ज्या सर्किटची न्यूट्रल सोडवली आहे त्याचा एमसीबी वर करायचा नाही, त्यावर पट्टी चिकटवा. चुकून वर केला तर बल्ब-पंख्यातून फेज त्या सुट्या न्यूट्रलच्या टोकाला येतो.

खराब सर्किट मिळाल्यावर त्यातली जागा शोधायला मधला बोर्ड उघडून वायर तिथे तोडा आणि दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. प्रत्येक वेळी निम्मं अंतर कमी होतं. पहिल्या बोर्डापासून एकेक उघडत गेलात तर दिवस जातो.

## टप्पा ५: मेगर

मल्टीमीटर दोन-पाच व्होल्टवर मोजतो. ओल आलेली वायर त्याला चांगलीच वाटते, कारण इन्सुलेशन खरं उघडं पडतं ते २३० व्होल्टच्या ताणाखाली. तिथे मेगर लागतो.

सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडा आणि ती जोडी व अर्थ यांच्यात ५०० व्होल्टवर मोजा. १ मेगाओहमच्या वर हवं. एक मेगाओहम म्हणजे २३० व्होल्टला फक्त पाव मिलिअँपच्या आसपास, म्हणजे आरसीसीबी पडायला खूपच कमी. खरा त्रास देणारी ओली वायर २५-३० किलोओहम दाखवते, तेव्हा एकट्या तिचेच ८-९ मिलिअँप जातात.

सावधान: मेगर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये लावू नका, एलईडी आणि पंख्याचे रेग्युलेटर जळतात. आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही सोडवून ठेवा. सगळी इलेक्ट्रॉनिक वस्तू काढता येत नसेल तर २५० व्होल्टवर मोजा.

पावसाळी फॉल्ट एप्रिलमध्ये मेगर लावून सापडत नाही. पाऊस चालू असताना किंवा थांबल्या थांबल्या मोजा.

## टप्पा ६: लीकेजची बेरीज

हे चालू लाइनवर करायचं, म्हणून घाई नको. लीकेज क्लॅम्पच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घ्यायच्या, अर्थ बाहेर. दोघींचे करंट एकमेकांना खोडतात आणि उरतं ते लीकेज. बरेच जण एकच वायर धरतात आणि चार अँपियर बघून घाबरतात.

आधी आरसीसीबीच्या जाणाऱ्या बाजूला एकूण मोजा, मग एकेक सर्किट. एकूण ९ मिलिअँपच्या आत, म्हणजे ३० च्या तीस टक्क्यांच्या आत असलं की मी निर्धास्त असतो. त्याच्या वर असेल आणि प्रत्येक वस्तू वेगळी चांगली असेल, तर घर मोठं आहे आणि वस्तू खूप आहेत, तेव्हा एका आरसीसीबीवर सगळं ठेवू नका. किचन आणि गिझरला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) द्या, बाकीचं मेन आरसीसीबीवर राहू द्या. मात्र प्रत्येक भागाची न्यूट्रल लिंक वेगळी हवी, नाहीतर लावल्याबरोबर पडणार.

हे करू नका: ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपचा बसवू नका. ट्रिप थांबते आणि सगळे खूश होतात, पण तो आगीपासून बचावासाठी असतो, माणसाला शॉक बसताना वाचवायला नाही.

## टप्पा ७: इन्व्हर्टर

इन्व्हर्टर बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर सगळ्यात आधी हेच बघा. आरसीसीबी पडला तरी पंखे चालू राहावेत म्हणून बसवणारा कधीकधी इन्व्हर्टरची इनपुट फेज आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घेतो, पण लाइट-पंख्यांची न्यूट्रल मात्र आरसीसीबीच्या नंतरच्या लिंकवर राहते. म्हणजे करंट एका दाराने आत आला आणि दुसऱ्या दाराने गेला. नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब लावला तरी पडायला पुरे. आरसीसीबी तिथे बरोबरच वागतोय.

उपाय एकच, इन्व्हर्टरची फेज आणि न्यूट्रल दोन्ही आरसीसीबीच्या एकाच बाजूची हवी. इन्व्हर्टरचं इनपुट आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने आणायचं असेल तर त्या सर्किटची न्यूट्रल पूर्ण वेगळी ओढा आणि त्याला स्वतःचा आरसीसीबी द्या.

## टप्पा ८: दुरुस्ती

गिझरची कॉइल गेली तर कॉइलच बदला, सोबत गॅस्केट नवं. बाहेरचे जॉइंट काळी टेप गुंडाळून चालत नाहीत, एका पावसात सुटतात, वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स आणि त्यात कनेक्टर लावा, केबल खालून आत घ्या म्हणजे पाणी वायरवरून आत उतरत नाही. बेलचं बटण, गेटचा होल्डर उघडून बघा, मुंग्यांची माती आणि पालीची घाण ओली झाली की तीच लीकेज करते. कन्सील पाइपमध्ये टोचलेली वायर टेप लावून परत आत ढकलू नका, तो तुकडा पूर्ण बदला.

नवा आरसीसीबी घ्यायचाच असेल तर टाइप ए घ्या. इन्व्हर्टर एसी, इन्व्हर्टर वॉशिंग मशीन यांच्या लीकेजमध्ये डीसीचा अंश येऊ शकतो आणि टाइप एसी तो नीट ओळखेलच असं नाही. याने ट्रिप कमी होतील म्हणून नाही, तर पडायला हवा तेव्हा पडेल म्हणून.

## टप्पा ९: बंद करण्याआधीची तपासणी

सगळ्या न्यूट्रल जागेवर, स्क्रू आवळलेले, चिकटपट्टीचे नंबर तसेच राहू द्या. बायपासची कुठलीही वायर राहिलेली नाही ना ते डोळ्यांनी बघा. आरसीसीबी वर, टेस्ट बटण दाबा, पडला पाहिजे. परत वर करून गिझर, फ्रिज, इस्त्री, मोटर सगळं एकदम अर्धा तास चालवा, आणि त्या वेळचं एकूण लीकेज मोजून तारखेसह डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या जुलैत परत मोजायचं, ४ मिलिअँपचे ११ झालेले दिसले तर आरसीसीबी पडायच्या आधीच कुठलं सर्किट ओल धरतंय ते शोधता येतं.